हात पाठीमागे

दुकान, ता. ४ जानेवारी

चि. खुंटा यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. गिऱ्हाईक नाही, पाणी तापत ठेवलंय, तेवढ्यात चार ओळी खरडतो. तू फोन करतोस खरा, पण मला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बाकावर बसलेले ऐकतात. तेव्हा आपलं पत्रच बरं.

आमच्या क्लबाचं काय सांगू? काल घरच्या मैदानावर तीन गोल खाल्ले, तिन्ही कॉर्नरवरून, तिन्ही एकाच कोपऱ्यात. बचावाला नवा कोच आणलाय. त्याने ज्याला त्याला एकेक माणूस वाटून दिलाय. समोरचा पळाला की आमचा त्याच्यामागे शेपटासारखा पळतो आणि गोलसमोर सगळं मोकळं, या बसा. अरे, बचावात माणूस राखायचा नसतो, जागा राखायची असते. हे मी तुला गल्लीत शिकवलं तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. जागा सोडायचा नाहीस म्हणून तर खुंटा नाव पडलं. आणि बॉक्समध्ये चेंडू हाताला लागून पेनल्टी बसू नये म्हणून हात पाठीमागे बांध म्हटलं, तर जेवायला हाक मारली तरी सोडायचा नाहीस.

खरेदी-विक्रीचं तर विचारूच नकोस. स्ट्रायकरवर स्ट्रायकर आणले आणि जाड्या कॅप्टनला विकून टाकलं. घराला दारंच दारं, भिंत एक नाही. स्टँडमध्ये मी हे बोललो तर मागचे म्हणाले, वस्तरामामा, जाड्या म्हातारा झाला, विका त्याला, असं गेल्या वर्षी तुम्हीच बोंबलत होता. बोंबललो असेन. माणसाने एकदा बोललेलं जन्मभर निस्तरायचं का?

आता खरी बातमी. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं हे ठरवणारे आमच्या क्लबाचे साहेब माझ्याकडे दाढीला येतात, हे तुला ठाऊक आहे. परवा खुर्चीत डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांनी तुझं नाव काढलं. बचावाला असा माणूस हवा म्हणाले. खुर्चीतलं बोलणं खुर्चीतच ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला वडिलांपासूनचा नियम. पण तुझी गोष्ट तुलाच सांगितली तर नियम मोडला असं मी धरत नाही. ताईला इतक्यात बोलू नकोस. तुझी आई ती, लगेच तुझ्या इथल्या घराचे पडदे शिवायला घेईल.

तब्येतीला जप.

तुझा,
मामा

---

ता. ९ जानेवारी

ति. मामांस,

सा. न. वि. वि. तुमच्या पत्राला नेहमीसारखा साबणाचा वास होता. ड्रेसिंग रूममध्ये उघडलं तर सगळे विचारायला लागले कोणाचं म्हणून. मामाचं म्हटल्यावर कोणाचाच विश्वास बसेना.

तुमच्या साहेबांचा निरोप आला. दोन वर्षांचा करार देतायत. या मोसमानंतर इथे मला ठेवणार नाहीत, हे मला कोणी सांगितलं नसलं तरी कळलेलं आहे. तेव्हा मिळणारा हा शेवटचा करार. शिवाय तुमचा क्लब. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून ज्या गोलकडे बघायचो, त्याच्यासमोर उभं राहायचं.

पण मामा, उजवा गुडघा गेलाय. आतली गादी झिजली असं डॉक्टर म्हणतात. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मैदानात उजवीकडे वळायचं टाळतो, त्या बाजूचं शेजारचा सांभाळून घेतो. इंजेक्शन घेतलं की एक मॅच निघते. तुमच्याकडची तपासणी म्हणजे वजन, छाती आणि चार उड्या. खेळाडू घ्यायची मुदत संपायच्या घाईत त्याहून जास्त कोणी बघत नाही. बायकोला सगळं माहीत आहे, आईला नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही पहिल्याच मॅचला स्टँडमधून ओळखाल आणि मग तुमच्याकडे बघायची चोरी होईल. कोणापाशी बोलू नका, तुम्हाला माझी शपथ आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा,
खुंटा

---

दुकान, ता. १३ जानेवारी

चि. खुंटा यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाचा एक कल्ला वर, एक खाली कापून ठेवला. तो बिचारा तसाच गेला.

स्टँडमध्ये तुझ्या नावाची कुजबुज सुरू झालीय, सगळे खुशीत आहेत. माझी पाठ थोपटून म्हणतात, मामा, आता भिंत आली. मी हसतो आणि मैदानाकडे बघतो. ही माणसं आठवडाभर राबतात आणि मॅचच्या आशेवर जगतात. त्यांच्या माथी मी जाणूनबुजून मोडका खांब मारायचा? आणि तो खांब माझ्याच बहिणीचा पोरगा?

माझं ऐकशील तर साहेबांना स्वतः सांग. निम्म्या मॅच खेळतो म्हण, एका वर्षाचा करार कर, पण सांग. आमचा बचाव इतका फाटका आहे की लंगडा घेतला तरी सुधारेल, हे मी चेष्टेने म्हणत नाही. तू नाही सांगितलंस तरी माझ्या तोंडून जाणार नाही. जसं खुर्चीतलं खुर्चीत, तसं पत्रातलं पत्रात. पण मला हे जड जातंय, एवढं तुला कळलेलं असावं. दोन दिवस ताट अर्धं टाकून उठतो. मामी म्हणते पित्त आहे, ओवा खा.

उत्तर लवकर धाड.

तुझा,
मामा

---

ता. १७ जानेवारी

ति. मामांस,

सा. न. वि. वि. साहेबांना सांगितलं तर ते माझ्या पाठीवर हात ठेवतील, खरं बोललास म्हणून कौतुक करतील आणि दुसरा बघतील. तुम्ही त्यांच्या जागी असता तर हेच केलं असतंत. जाड्याला विका म्हणणारे तुम्हीच ना?

तुमचा हात सत्तरीपर्यंत चालेल, मामा. माझा धंदा तिशीच्या पुढे चार पावलांवर संपतो आणि मला दुसरं काहीच येत नाही. शाळा सोडून तुमच्या मागे मैदानावर आलो तेव्हा आई रडली होती. तुम्हीच तिची समजूत घातली होतीत. दोन वर्षं मिळाली तर त्यात काहीतरी शिकून घेईन. तेवढीच मागतोय.

गप्प राहा एवढंच म्हणणं आहे. त्यात तुम्हाला काय करायचंय?

लोभ आहेच, तो राहू द्या.

खुंटा

---

दुकान, ता. २२ जानेवारी

चि. खुंटा यास,

आशीर्वाद. जे झालं ते माझ्याकडूनच तुला कळावं म्हणून लिहितोय.

काल साहेब दाढीला आले. टॉवेल टाकला, साबण लावला, एक गाल झाला. वस्तरा जबड्याखाली होता तेव्हा त्यांनी विचारलं, भाच्याचे पाय कसे आहेत, दोन वर्षं काढेल ना? मी काही बोललो नाही. देवाशपथ, एक अक्षर नाही. पण हात हलला. इतक्या वर्षांत या खुर्चीत मी कोणाला ओरखडा काढलेला नाही, हे साहेबांना माहीत आहे, म्हणून तर ते डोळे मिटून पडतात. रक्त आलं. मी तुरटी लावली. त्यांनी डोळे उघडून आरशातून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग बरं नाही का, एवढंच विचारलं आणि दुसरा गाल तसाच ठेवून उठले.

आज बाकावरचे सांगत होते की तुझं बारगळलं. सगळे साहेबांना शिव्या घालत होते आणि मी कात्री पुसत होतो.

हात आपोआप हलला की मी हलवला, हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारतोय. मला उत्तर माहीत असतं तर तुला लिहिलं असतं. माहीत नाही.

मामा

---

ता. २६ जानेवारी

ति. मामांस,

सा. न.

तुम्ही बोलला नाहीत यावर माझा विश्वास आहे. पण बॉक्समध्ये हात पाठीमागे बांधायचे, हे मला तुम्ही शिकवलंत. हात मुद्दाम लावला की चुकून लागला याचा पंचाला काही फरक पडत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. तुमचा हात मध्ये आला, मामा, आणि पेनल्टी मला बसली.

सध्या मला लिहू नका.

खुंटा

---

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझ्या ताईचे आशीर्वाद. हे पत्र मी रागाने लिहितेय, ते तसंच वाच.

खुंट्याचं जमलेलं मोडलं आणि त्यात तुझा हात आहे, एवढंच सूनबाईच्या तोंडून निसटलं. पुढचं कोणी सांगत नाही. त्याला विचारलं तर फोन ठेवतो. दुकानात बसून तू काय बडबडलास? तुझी जीभ म्हणजे गावचा दवंडीवाला. कोणता खेळाडू कितीला विकला, कोणाला कसं उभं करायचं, जगाची उठाठेव करतोस. स्वतःच्या भाच्याला तरी त्यातून वगळायचंस. तो घरी यायचा होता रे. मी त्याची खोली झाडून ठेवली होती.

काय झालं ते मला कळलंच पाहिजे. तू सांगणार नसशील तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.

ताई

---

दुकान, ता. २५ फेब्रुवारी

ति. ताईस,

सा. न. वि. वि. तू म्हणतेस ते सगळं खरं धर. काय झालं ते मी सांगू शकत नाही. ते माझं नाही, त्याचं आहे. तो सांगेल तेव्हा ऐक. मी तुझ्या दारात येणार नाही, पण तू जिथे असशील तिथे माझा नमस्कार पोचला असं समज.

मी वस्तरा ठेवून दिलाय. फक्त कात्री चालवतो. वस्तरा उघडला की मनगट लटपटतं. साहेब आता पुलापलीकडच्या दुकानात जातात. जुनी गिऱ्हाइकं दाढीला आली की हात दुखतो सांगतो. ती कीव करतात, ते जास्त लागतं.

क्लबाने खुंट्याच्या जागी एक उंट आणलाय. उंच आहे, बाकी काही नाही. वाकला की चेंडू पायातून जातो. लोक म्हणतात, मामा, तुमचा भाचा असता तर. मी हल्ली स्टँडमध्ये ओरडत नाही. शेवटच्या रांगेत बसतो आणि मॅच संपायच्या आत निघतो.

त्याची तब्येत कशी आहे एवढं मात्र कळव. पाय कसे आहेत ते विचार.

तुझा,
धाकटा

---

ता. १६ मार्च

ति. मामांस,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर केला, जाणूनबुजून केला. राग मानू नका म्हणायची सोय मी ठेवलेली नाही, तरी म्हणतो.

गेल्या आठवड्यात सरावात गुडघा गेला. अंगावर कोणी आलं नव्हतं, चेंडूही लांब होता. मागून हाक आली म्हणून उजवीकडे वळलो आणि खाली बसलो तो बसलोच. तिथे पडल्या पडल्या मला तुमचं स्टँड डोळ्यांसमोर दिसलं. हेच तिकडे झालं असतं तर लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, आणि त्यांच्यात बसून तुम्हाला त्या गिळाव्या लागल्या असत्या. मी फक्त गप्प राहा म्हटलं होतं. गप्प राहणं म्हणजे काय मागत होतो, ते तेव्हा कळलं.

आईला सगळं सांगितलं. आधी माझ्यावर रडली, मग तुमच्यावर, की एवढं ऐकून घेतलं आणि तोंड उघडलं नाही मेल्याने. तिला तुम्हाला लिहायचं आहे, पण पहिली ओळ सुचत नाही म्हणते.

राग पूर्ण गेला असं खोटं लिहिणार नाही. करार गेला तो गेला. पुढे काय करायचं याची भीती वाटते, इथे हॉस्पिटलात छताकडे बघत पडलं की फारच वाटते. साहेबांनी तुमच्या हातामुळे मन बदललं की उंट स्वस्तात मिळाला म्हणून, हे मी कोणाला विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका.

गुरुवारी ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी मांडीपासून पोटरीपर्यंत केस काढावे लागतात. इथला माणूस आज सामान घेऊन बघायला आला होता. मी त्याला परत पाठवलं. आमच्या घरचा माणूस येणार आहे म्हटलं. सिस्टर कुरकुरल्या, पण चालेल म्हणाल्या.

तुम्ही वस्तरा धरत नाही असं आई सांगत होती. तरी घेऊन या. कापलंत तर ऑपरेशन पुढे ढकलतील, तेव्हा कापू नका. हात थरथरला तर थांबा, पुन्हा धरा, मला घाई नाही. तुमचं होईपर्यंत मी हात पाठीमागे बांधून बसून राहीन. जेवायला हाक मारली तरी सोडणार नाही.

बुधवारी वाट बघतो.

तुमचाच,
खुंटा