सकरला काही नको

मंगळ., ८ जानेवारी २००२
फिश टँकची काच पुन्हा हिरवी. गेल्या आठवड्यातच घासली होती, कोपरापर्यंत हात घालून. आत दोन गोल्डफिश आहेत, हे आता आठवणीवरच म्हणायचं. टँक म्हणजे मंदारची हौस. नवरा अटलांटाला, तीन महिन्यांसाठी गेला त्याला सातवा लागला. हौस त्याची, शेवाळ माझं.
सासूबाईंना म्हटलं, आई, टँक खिडकीतून हलवू, सकाळचं ऊन थेट पडतं. "ईशान्य कोपरा आहे तो. पाणी तिथेच हवं." विषय संपला.

शुक्र., ११ जाने.
सायबर कॅफेत मं.ची मेल. शेवाळ खाणारं काहीतरी आण, म्हणतो. यादीही पाठवलीय. गोगलगायी, झिंगे, नाहीतर सकर मासा. "आईला विचारून ठरव."
विचारलं. गोगलगायी: "शी." झिंगे: "म्हणजे कोळंबीच ना? माझ्या घरात शिजलेली कधी आली नाही, जिवंत तर नाहीच नाही." उरला सकर. उत्तरात लिहिलं, सकर निवडला. कोणी, ते नाही लिहिलं.

रवि., १३ जाने.
नारायण पेठेतलं माशांचं दुकान. दुकानदार आजोबा पेपरातून मान वर न काढता: "शेवाळ खाणारा हवाय की मोलकरीण?" म्हटलं, एकातच भागलं तर बरं. तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं.
सकर बोटाएवढा, काळपट, तोंड खालच्या बाजूला. रिक्षाभर पिशवीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसला.
मं.चा रविवारचा फोन. "त्याला वेगळं खाणं घालू नकोस हं. पोट भरलं की काम करत नाहीत ते." त्याच्या सूचनांचा कागद फ्रिजवर आहेच (गोल्डफिशना चिमूटभर, दोनदा, वगैरे). त्याखाली मी लिहिलं: सकरला काही नको.

बुध., २३ जाने.
काच निम्मी साफ. काम करतो बिचारा, तक्रार नाही.
दुपारी जोशी मॅडमचा फोन! दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नोकरी सोडली, 'सहा महिन्यांपुरती'. आता जागा निघालीय. १ मार्चला रुजू व्हायचं. "पंचवीस फेब्रुवारीपर्यंत कळव, पुढचं माझ्या हातात नाही." सगळीकडे माणसं काढतायत आणि ह्या मला बोलावतायत. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच गिरकी घेतली. हे लिहून ठेवते, नंतर मलाच खरं वाटणार नाही.

रवि., २७ जाने.
मं.ला सांगितलं. "आई एकटी पडेल ना."
आई रोज सकाळी भाजीला चालत जातात, येताना दोघींशी भांडून येतात. हे सांगितलं. "बघू. मी आलो की बोलू." कधी येणार? "ते अजून नक्की नाही."

रवि., ३ फेब्रु.
आईंचं हळदीकुंकू. बायका टँकपाशी जमलेल्या. "काच काय लख्ख आहे हो! सून ठेवते वाटतं?"
आई: "छे, तो मासा करतो सगळं."
मी वाट्या गोळा करत होते. खरं तर बरोबरच बोलल्या. तरी इतकं लागलं की मोरीत नळ सोडून थोडा वेळ उभी राहिले.

गुरु., १४ फेब्रु.
सकर मोठ्या गोल्डफिशच्या अंगाला चिकटला. काठीने सोडवला, पुन्हा तेच. गोल्डफिशच्या कुशीवर पांढरट चट्टा.
आई: "कृतघ्न मेला. ज्या घरात राहतो त्यांनाच खातोय."
मं.ची मेल: परत देऊन टाक. दुसरा आण.

शनि., १६ फेब्रु.
सकरला पिशवीत घालून पुन्हा नारायण पेठ. आजोबा: "खायला काय घालता?"
"काही नाही. शेवाळ खातो ना."
"शेवाळ आहे?"
"नाही. संपवलं त्याने."
"मग आता काय खाईल, तुमचं कौतुक?"
पिशवी उजेडात धरून त्याचं पोट दाखवलं. पार खपाटीला गेलेलं. म्हणाले, काकडी घाला. "उपाशी ठेवायचं आणि वर बदनाम करायचं, हे बरं आहे." परत घेतला नाहीच.
रिक्षात रडले. मं.चा राग आला, आईंचा आला. पण फ्रिजवरच्या कागदावर ती ओळ माझ्या अक्षरात आहे, ते जास्त झोंबलं.

रवि., १७ फेब्रु.
काकडीची चकती चमच्याला दोऱ्याने बांधून टँकमध्ये सोडली. आई: "कोशिंबिरीची होती ती." दुपारपर्यंत नुसती साल उरली. गोल्डफिशकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

रवि., २४ फेब्रु.
मं.चा फोन. मुक्काम दिवाळीपर्यंत वाढला. अभिनंदन, म्हटलं. नोकरीचं काढलं तर, "घरात कमी काय आहे तुला?" रिसीव्हर आईंच्या हातात दिला. तोंड उघडलं असतं तर थांबले नसते.
सकरचं पोट भरलंय. काचेवर थोडं हिरवं येतंय पुन्हा. येऊ दे.
मॅडमना कळवायचा उद्या शेवटचा दिवस. संध्याकाळी फ्रिजवरच्या कागदावरची ती ओळ खोडली. खाली लिहिलं: सकरला काकडी, रोज. मग पेन हातातच होतं म्हणून आणखी एक ओळ: मी घरी नसेन तेव्हा आईंनी घालावी.
आई फ्रिजमधून दूध काढायला आल्या, थांबल्या. वाचलं. चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा वाचलं.
"किती वाजता घालायची असते?" एवढंच विचारलं. आवाजावरून काही कळेना.
"दहाला," मी म्हटलं.