माझे शरीर गीनोच्या हवाली

मी, ताद्देओ बोन्फिल्ली, राहणार पिसा, आर्नोच्या दक्षिण काठी, पेशाने वैद्य, हौसेने तत्त्वज्ञ आणि औषधी बागेचा माजी प्रमुख, हे मृत्युपत्र बिछान्यात बसून सांगत आहे व नोटरी सेर आन्सेल्मो ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. डोक्याखालच्या भागाबद्दल तसे म्हणता येणार नाही. पाय सुजले आहेत, पोटात पाणी साठले आहे आणि आडवे झाले की श्वास कोंडतो, म्हणून मरणाची कामेसुद्धा बसूनच उरकावी लागत आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझी थोरली बहीण दियानोरा शेजारच्या खोलीत आहे, दार उघडे आहे आणि ती ऐकत नसल्याचे सोंग करत आहे. याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असे सेर आन्सेल्मो सांगतात. त्यांचे लग्न झालेले नाही आणि त्यांना बहीणही नाही.

हे मृत्युपत्र खरे तर एकाच कलमासाठी आहे, ते म्हणजे सहावे. मी मेल्यावर वैद्य गीनो सेर्निजी याने मला चिरून आत पाहावे, ही माझी इच्छा आहे. ते होऊ द्यायचे नाही, हा दियानोराचा निश्चय आहे. आधीची पाच कलमे कागद रिकामा दिसू नये म्हणून आहेत.

कलम पहिले. माझा आत्मा मी परमेश्वराच्या स्वाधीन करतो. तो शरीरात नेमका कुठे असतो, ते मला विचारू नये. वनस्पतीचा प्राण मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे असतो, तेच झाडाचे हृदय, असे मी वर्गात शिकवत असे. तेव्हा धर्मखात्याच्या एका पाद्रीबुवांनी मला बोलावून गोड आवाजात विचारले, "मग माणसाचा कुठं असतो, वैद्यराज?" मी म्हणालो, "आपण सांगाल तिथं." माझ्या आयुष्यातले सर्वांत शहाणपणाचे उत्तर ते हेच, आणि ते माझ्या ग्रंथात कुठेही नाही.

कलम दुसरे. औषधी बागेत माझ्या आधी वाफे रोगांप्रमाणे लावलेले असत. खोकल्याचा वाफा, पोटदुखीचा वाफा, बाळंतिणीचा वाफा. औषधविक्या यायचा, हवे ते खुडायचा आणि घरी जायचा. सगळे सुखात होते. मी आलो आणि म्हणालो, रोग माणसाचा, त्यावरून झाडाचे नाते कसे ठरणार? झाडाचे घराणे त्याच्या फळावरून आणि बियांवरून कळते. मी सगळे उपटून बियांप्रमाणे लावले. त्यामुळे बडीशेप, गाजर आणि अजमोद्याच्या ओळीत विषारी हेमलॉक येऊन बसला, कारण बी पाहिले तर ती सगळी सख्खी भावंडे. तत्त्वज्ञान बिनचूक होते. मठाचा आचारी मात्र अजमोदा समजून भलतेच खुडून सूप करायला निघाला, आणि मी झगा गुडघ्यापर्यंत उचलून पुलावरून त्याच्यामागे ओरडत धावलो. विद्यार्थी अजून माझ्या त्या धावण्याची नक्कल करतात आणि चांगली करतात. तरीही वाफे आहेत तसेच ठेवावेत. हेमलॉकभोवती कुंपण घालावे. माझे फावडे आणि कलमाची सुरी बागेला द्यावी.

कलम तिसरे. माझ्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या न विकलेल्या प्रती विद्यापीठाला द्याव्यात. विद्यापीठाने नको म्हटले तरी द्याव्यात. या ग्रंथात एकही चित्र नाही, कारण चित्रात झाडाचे रूप येते, स्वभाव येत नाही, असे माझे मत होते. छापून आला त्या दिवशी दियानोराने तो शेवटापर्यंत चाळला.

"चित्रं कुठंयत?"

"चित्रं लागत नाहीत त्याला."

"मग लोकांनी झाड ओळखायचं कसं?"

"बी फोडून आत बघायचं."

"म्हणजे ओळख व्हावी म्हणून आधी मारायचं," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. पडुआच्या पंडितांनी माझ्यावर जी टीका लिहिली, ती याहून लांब होती, एवढाच फरक.

कागदावर चिकटवलेल्या वाळल्या वनस्पतीही विद्यापीठाला द्याव्यात. त्या दाबून ठेवायला मी घरातल्या सगळ्या जड वस्तू वापरल्या आहेत आणि दियानोराच्या लग्नाच्या चादरींमध्ये अजून केशराचे व कोरफडीचे डाग आहेत. या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही, कारण प्रत्येक खुर्चीवर एक झाड झोपलेले असते, ही तिची तक्रार मला मान्य आहे.

कलम चौथे. घर, तेलाचे रांजण, तळघरातली वाइन आणि वर लिहिलेल्या खुर्च्या दियानोराच्या. विधवा होऊन ती या घरात आली ती माझी काळजी घ्यायला, असे ती म्हणते. मी तिला आधार दिला, असे मी म्हणत असे. दोघांपैकी खरे कोण, हे स्वयंपाकघरात एकदा डोकावले तरी कळेल.

कलम पाचवे. गीनो सेर्निजी हा माझा सहाध्यायी, सहकारी आणि जन्माचा वैरी. रक्त यकृतात तयार होते आणि शिरा तिथूनच निघतात, असे तो जुन्या ग्रीक पोथ्या डोक्यावर घेऊन सांगतो. सगळ्याचा उगम हृदयात आहे, असे मी म्हणतो. या वादात आमचे केस गेले. हल्ली तोच माझ्यावर उपचार करतो, कारण पिसात त्याच्याहून चांगला वैद्य एकच आहे आणि तो बिछान्यात आहे. रोज येतो, घोट्यावर अंगठा दाबतो, राहिलेला खळगा बघतो.

"यकृत थंड पडलंय तुझं. रेवंदचिनी घे."

"हृदय थकलंय, गाढवा. आडवं झालं की दम लागतो, तो यकृतामुळं का?"

"तू माझा विद्यार्थी असतास तर नापास केला असता तुला."

"तू माझा रोगी असतास तर एव्हाना बरा झाला असतास."

मग तो जुलाबाची पुडी ठेवून जातो आणि मी ती घेतो, कारण भांडायला श्वास लागतो. माझी लोकरी टोपी गीनोला द्यावी. त्याच्या डोक्यात फार दिवस काही शिरलेले नाही, निदान थंडी तरी शिरू नये.

कलम सहावे. माझे शरीर दफनाआधी गीनोच्या हवाली करावे. त्याने ते विद्यार्थ्यांसमोर उघडावे, हृदय आणि यकृत दोन्ही नीट पाहावीत आणि बिघाड कुठे आहे ते मोठ्याने सांगावे. हे काम थंडीतच होते. थंडी सरताना येणारा ईस्टरआधीचा उपवासाचा काळ लागायच्या आत मरण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न करीन. विद्यापीठाच्या चिरफाडीच्या टेबलावर आजवर फासावर गेलेले परगावचे चोरच झोपले आहेत. घरंदाज माणूस पहिलाच असल्याने बाकांवर गर्दी होईल. माझ्या व्याख्यानांना ती कधी झाली नाही.

इथे दियानोरा आत आली. सेर आन्सेल्मोंनी लेखणी थांबवली. मी त्यांना लिहीत राहायला सांगितले.

"चोरांच्या टेबलावर?" ती म्हणाली. "बोन्फिल्लींचा मुलगा?"

"ताई, ऐकून तर घे."

"काय ऐकू? शेवटच्या दिवशी सगळे थडग्यातून उठतील तेव्हा तू काय करणार? स्वतःची आतडी गोळा करत फिरणार? आई विचारील, ताद्देओ, तुझं हृदय कुठंय रे? सांगशील काय, गीनोकडं राहिलं?"

"त्याच्याकडं नीट राहील. त्या जागी त्याच्याकडं काही नाहीच."

"थट्टा पुरे. तुला जिंकायचंय, दुसरं काही नाही. मेल्यावरसुद्धा जिंकायचंय. आणि मी रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं? मी देणार नाही तुला. सेर आन्सेल्मो, लिहा, देणार नाही."

सेर आन्सेल्मोंनी तेही लिहिले आणि ती तरातरा निघून गेल्यावर मला सांगितले की जवळच्या नातलगाची संमती नसेल तर विद्यापीठ शरीर घेणार नाही. म्हणून जे सांगायचे नव्हते, ते आता सांगणे भाग आहे.

आमची आई अशीच गेली. आधी घोटे, मग पोट, मग श्वास. मी त्याच वाटेने चाललो आहे. या वर्षीच्या द्राक्षतोडणीपासून दियानोरा, जी जन्मभर उघड्या पायांनी घरभर धावली, जाड लोकरी मोजे घालते. जिन्याच्या मध्यावर थांबते आणि भिंतीवरच्या संताच्या तसबिरीला नमस्कार करत असल्याचे दाखवते. एके दुपारी खुर्चीत तिचा डोळा लागला होता आणि मोजा घसरला होता. मी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा राहिला. तो भरून येईपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि मला भीती वाटली. स्वतःच्या पायांची इतकी कधी वाटली नव्हती.

मी गेल्यावर तिचा वैद्य गीनोच असणार. दोष यकृताचा असेल, तर त्याची रेवंदचिनी तिला तारेल. हृदयाचा असेल, तर तेच जुलाब तिला रोज थोडे थोडे झिजवतील. गीनो हट्टी आहे, पण लबाड नाही. मी सांगितलेले तो कधीच मानणार नाही, डोळ्यांनी पाहिलेले मानेल. मला दाखवता येण्यासारखे माझ्या शरीराखेरीज काही उरलेले नाही. हृदयामुळे येणाऱ्या सुजेवर मला औषध माहीत नाही. विश्रांती द्यावी, मीठ तोडावे, जुलाब बंद करावेत, एवढेच मला येते. म्हणून सेर आन्सेल्मो, हे ठळक लिहा. जन्मभर मी हा वाद जिंकायला भांडलो आणि आता तो मी हरावा, अशी माझी इच्छा आहे. यकृतच निघो. गीनोला टोपी हवेत उडवू द्या.

सेर आन्सेल्मोंनी तिला आत बोलावून हे वाचून दाखवले. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तुला वाटलं, मला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "मोजे थंडीसाठी घालते होय मी? तू बघशील म्हणून घालते."

"बघितलं मी."

"बघणारच. मेला वैद्य." मग तिने नाक पुसले. "शिवणार कोण?"

"काय?"

"उघडल्यावर परत शिवणार कोण? ती पोरं? त्यांना स्वतःची फाटकी बाही शिवता येत नाही."

"पोत्यासारखं शिवतात. चालतं तेवढं."

"मला नाही चालत. त्यांचं बघून झालं की सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि घरी आणायचं. मी शिवीन, बारीक टाक्यांनी. आईपुढं उभा राहशील तेव्हा शिवण दिसता कामा नये."

"ताई, तुला ते बघवणार नाही."

"आईचे डोळे मी मिटले, नवऱ्याचे मिटले. तू कोण मोठा लागून गेलास?"

सबब सहावे कलम तिच्या संमतीने कायम केले असून, शरीर त्याच दिवशी संपूर्ण परत करावे आणि शिवण्याचा अधिकार फक्त दियानोराचा राहील, ही अट त्यात घातली आहे.

कलम सातवे. गीनोने जे दिसेल ते विद्यार्थ्यांना सांगितल्यावर लगेच, झगासुद्धा न बदलता, दियानोराकडे यावे आणि खरे ते सांगावे. तिला बरे वाटावे म्हणून खोटे सांगू नये. त्याला खोटे बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. हे मी त्याच्याबद्दल चांगले म्हणून लिहीत आहे. यापूर्वी तसे कधी लिहिलेले नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी ते ऐकले, आणि एक-दोन ठिकाणी स्वतःवरच हसलो. माझ्या हाताने, जेवढा हलतो तेवढ्याने, सही करत आहे.

ताद्देओ बोन्फिल्ली

साक्षीदार: फ्रा उगोलिनो, मठवासी. मेओ बिंदी, शेजारी, नावाडी (सही येत नसल्याने फुली).

लिहून घेणार: सेर आन्सेल्मो, नोटरी.

मुक्काम पिसा, सान्ता लुचियाचा दिवस, १३ डिसेंबर, सन १५७९, पिसाच्या मोजणीने. फ्लोरेन्समध्ये अजून १५७८ चालू आहे.

स्त्रीची साक्ष कायद्याला चालत नसल्याने दियानोरा बोन्फिल्ली यांची सही घेतलेली नाही. मात्र त्यांनी लेखणी मागून घेतली आणि खालची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली. ती खोडण्यास मृत्युपत्रकर्त्याने मला, नोटरीला, मनाई केली आहे.

ताद्देओ, जिंकलास तरी मी रागावणार नाही.