मोठा अर्धा

३ फेब्रुवारी, सोमवार

परत वर्गावर गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "आणखी थोडे दिवस घरी थांबला असतात तरी चाललं असतं, बाई." घरी थांबून करू काय? दाराशी यांचे वायरमनचे जाड रबरी बूट. खांबावरून पडले तेव्हा पायात हेच होते. दवाखान्यातून पिशवीत घालून दिले. उचलवत नाहीत.

भिंगरी दुसऱ्या बाकावर बसली होती. नाव यांनीच ठेवलेलं — एका जागी ठरायची नाही म्हणून. आता हलत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पोर पहिलीत होती, आईविना. आता तिसरीत, माझ्याच वर्गात. घरीसुद्धा मला 'बाई'च म्हणते. हे हसायचे — "घरातही हजेरी घेत जा!"

४ फेब्रुवारी, मंगळवार

अपूर्णांक सुरू केले. संत्रं सोलून दोन भाग केले. पुढचे दात बाहेर आलेला तो फावड्या ओरडला, "बाई, मला मोठा अर्धा!"

अर्ध्यात मोठा-लहान नसतो रे, म्हणता म्हणता मला हसू फुटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. लगेच तोंडावर हात नेला. भिंगरी माझ्याकडेच बघत होती. काय वाटलं असेल तिला!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी ती बोलते ती फक्त गणितापुरती. तेवढं तर तेवढं — मी मुद्दाम वही उघडून बसते. आज म्हणे पाव मोठा, अर्धा लहान. का? तर "चार मोठे की दोन?" वर्गातले निम्मे असंच म्हणतात. कागदाची पट्टी दिली, घड्या घालायला लावल्या. म्हटलं, बघ, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो.

तिनं पट्टी उलगडली. "मग वाटेकरी एकच असला तर?"

"तर सगळं त्याचं."

"एकट्याचं?"

"हो."

"मग काय मजा," म्हणाली आणि पट्टी बाजूला सारली. भाजी लागली तव्याला — तेवढं एक निमित्त झालं उठायला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जीव नको झाला. बेरजेची शाब्दिक उदाहरणं होती. मुलं वाचतच नाहीत, नुसता 'एकूण' शब्द शोधतात आणि धाडकन बेरीज मारतात. म्हणून मी मोठ्यानं वाचायला घेतलं. पुस्तकात होतं — बाबांनी बारा फुगे आणले, आईने सात आणले, एकूण फुगे किती? डोळ्यांना ओळ आधीच दिसली. मी वाचलं, मामांनी बारा, मामीने सात.

फावड्या उभा! "बाई, पुस्तकात बाबा आहे! तुम्ही मामा का म्हणालात?"

त्याच्या शेजारणीनं त्याला खाली ओढलं. तेव्हा कळलं त्याला. कानापर्यंत लाल झाला बिचारा. भिंगरीनं मान वर केली नाही. उत्तर लिहीत होती. मागे जाऊन पाहिलं — एकोणीस. खाली 'फुगे' हेसुद्धा लिहिलं होतं. मी नेहमी त्यावरून रागावते ना, नुसता आकडा लिहू नका म्हणून.

पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. जिन्यात उभी राहून रडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिची आजी आली. आईची आई. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. पण हात धरून बसली. "तू वाईट नाहीस ग पोरी. पण तुझं वय काय! उद्या पुन्हा संसार मांडशील, मांडावासच. मग ही कुठं जाईल? माझी लेक गेली. तिची एवढी तरी खूण माझ्याजवळ असू दे."

माझं नातं यांच्यामुळे. हे नाहीत तर मी कोण?

१७ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात काही शिकवलं नाही. चित्रं काढा म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटी विचारलं तिला. शब्द घोटून घोटून ठेवले होते, ऐन वेळी भलतंच बोलले. "आजीकडे अंगण आहे, नाही का?"

"हो."

"जाशील?"

वेणीचं टोक चावत राहिली. मग — "तुम्ही म्हणाल तसं."

जाऊ नको म्हण, मनात म्हणत होते. एकदा म्हण, मग कुणी येऊ दे, बघते मी! तीही बहुतेक तेच ऐकायला थांबली होती. आता लिहिताना हे लख्ख दिसतंय. तेव्हा दातखीळ बसली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेली. रिक्षात बसताना मागे वळून म्हणाली, "बाई, पाऊण म्हणजे तीन छेद चार, बरोबर?"

"बरोबर."

एवढंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हजेरीत तिचं नाव घेतलं. सवयीनं. कुणीतरी "गैरहजर" म्हणालं. दाखला पुढच्या आठवड्यात नेणार आहेत.

घरी येऊन कूकर लावला. भात तिघांचा टाकला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताप. शाळेत गेले नाही. फळा, खडू, काही नको वाटतं.

२ मार्च, रविवार

सकाळी कडी वाजली. दारात भिंगरी आणि आजी. आजीच्या काखेत वळकटी, पायाशी पत्र्याची ट्रंक. "पोर ताटावर बसते आणि नुसती बघत राहते. दोन माणसं गेली, तिसरं घालवायचं नाही मला. आणि माझं तरी तिकडं कोण आहे? तुझ्या घरात एक खाट मावेल का ग?"

मावेल म्हणायचं होतं. नुसतं दार सताड उघडलं.

भिंगरीच पुढं झाली. ट्रंकेची एक कडी धरून ओढू लागली. "आजी, आत ये ना! दारात काय उभी?"