नमुन्याची बाटली

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (अर्धाच वाकलोय, कंबर धरली आहे). वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमची तब्येत निवृत्तीपासून सुधारतच चालली आहे, असं त्या जरा काळजीनंच कळवतात.

कंबर धरली ती पाण्यापायी. आमच्या गल्लीची दोनशे फुटांची बोअर तुम्हाला ठाऊकच आहे. अठ्ठावीस घरं तिचंच पाणी पितात आणि वर पाहुण्यांकडून कौतुक वसूल करतात. यंदा पाणी समितीनं ते तपासून घ्यायचं ठरवलं आणि नमुना न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं (सगळ्यांत रिकामा मीच, असं तुमच्या भावजयीनं भर सभेत सांगितलं). अहवाल आला: जंतू आहेत, पिण्यास अयोग्य. झालं, पंपाला कुलूप लागलं. आता सगळे नाक्यापलीकडून कॅन वाहतात. समितीच्या अध्यक्षबाई, सत्तरीच्या निवृत्त हेडमास्तरीण, दोन जिने चढून पाणी नेतात आणि मध्ये दम खायला थांबल्या की माझ्याकडे बघतात. खापर फुटलं कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्यावर. त्याचंच सांडपाणी जमिनीत मुरलं म्हणे. बिचाऱ्याकडे कोणी कपडे टाकेना. रविवारी बोअर कायमची बुजवायचा ठराव आहे. दादा, मला घास उतरत नाही.

तुम्ही पाणी खात्यात तीस वर्षं काढलीत. तेव्हा रविवारच्या आत या आणि स्वतः नमुना घ्या. तुमच्या शब्दाला इथे वजन आहे (तुमच्या घरी नाही, हे इथे कोणाला माहीत नाही).

आपला,
धाकटा

ता. क. दहा मिनिटं पंप चालवून त्याच्या तोंडाशी बाटली भरायची, असं कागदावर लिहिलं होतं. त्या दिवशी ऊन फार होतं. मी ती आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरली. पाणी बोअरचंच, पण गच्चीवरच्या टाकीत मुक्काम करून आलेलं. टाकीचं झाकण दोन वर्षांपूर्वी उडालं, तेव्हापासून तिथे कबुतरं असतात. हे कोणाला बोलू नका.

आणखी एक. पत्र पेटीत टाकायला हिच्याकडे दिलं होतं. हिनं ते आधी वाचलं, मग अध्यक्षबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः नवा नमुना नेला. पाणी चोख निघालं, बोअर वाचली. तेव्हा नमुन्यासाठी येऊ नका, नुसते या. गल्लीत माझ्याशी कोणी बोलत नाही. लॉन्ड्रीवाला तेवढा बोलतो, आणि तेच जास्त लागतं.