हातांवरचा सोयरा

८ जानेवारी, शिरूर

तळहात पुन्हा फुटले. थंडीत दरवर्षीचंच. मलम लावून सुती मोजे घातलेत, पेन धड धरवत नाही.

रविवारी मांडवगणहून आमच्या लेकीला, सायलीला बघायला पाहुणे येणार. धाकटी जाऊ रुपाली सकाळीच सांगून गेली, "ताई, त्या दिवशी हात पदराखालीच ठेवा. लोकांना वाटतंय, लागतंय ते." सोरायसिस लागत नाही, हे मी पंचवीस वर्षं सांगते आहे! ती त्याला सोयरा म्हणते — "आला का सोयरा? आता काय लवकर जायचा न्हाई." हसू येतंच.

९ जानेवारी

दौंडची कॉन्व्हेंट शाळा आठवत राहिली. प्रार्थनेआधी सिस्टर सगळ्यांची नखं बघायच्या. एकदा माझे हात उलटसुलट करून म्हणाल्या, "लव्हली हँड्स." आठवडाभर मिरवले ते हात. पुढे मला बघायला आले, तेव्हा सासूबाईंनीही आधी हातच हातात घेतले — "लोण्यावानी हायेत पोरीचं हात."

ते हात कुठे गेले, असं ह्यांना विचारलं. माझ्या तळव्यांना मलम चोळत होते. म्हणाले, "जातील कुठं? हायेत की माझ्याकडं."

पण ह्या हातांमुळे पोरीची सोयरीक मोडली तर?

१० जानेवारी

मोजे धुतले. सायलीने ते वाळत घातले.

११ जानेवारी

आले, गेले. मुलगा इंद्रजीत शांत, सायलीशी मोकळं बोलला. चहा-पोहे रुपालीने दिले. निघताना बायकांना कुंकू लावायलाही मी तिलाच पुढे केलं. मुलाची आई सुलक्षणाबाई म्हणाल्या, "तुमच्याच हातानं लावा की, इहीणबाई."

पदराखालून हात काढावे लागले. त्यांची नजर बोटांवर थांबली. कपाळ मात्र मागे घेतलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. फोन नाही. रुपाली म्हणते, "मी सांगितलं व्हतं."

१६ जानेवारी

होकार आला. हे पेढे आणायला बाजारात गेले.

सायली माझ्यापुढे येऊन बसली, पाठ करून. केस बाजूला केले. कानामागे तोच लालसर चट्टा, वर पांढरा कोंडा.

"आई, दिवाळीपासून आहे. तुला कसं सांगणार होते?"

मलम लावलं. आता हे पेढे घेऊन यायच्या आत सुलक्षणाबाईंना फोन लावून चट्ट्याचं सांगून टाकते.