टोकावरच्या घरातला दाब

१० जुलै

आलो एकदाच्या. निम्मं सामान अजून खोक्यांत आहे, माझी लेक ठकी दोन खोक्यांच्या मधल्या सतरंजीवर दुपारची झोप काढते आहे, आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर पाय दुमडून हे लिहिते आहे. समोर नुसता समुद्र.

घर गावापासून सुटं आहे. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या अगदी टोकाला. गावाकडे जायला एकच बांधरस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. हवामान कार्यालयात नव्याने येणाऱ्याला हे घर मिळतं म्हणे. ताईने मी यायच्या आधीच भिंती रंगवून घेतल्या. ठकीची खोली पिवळी, कारण ठकीला पिवळा आवडतो हे तिला न सांगता माहीत. ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी ठकीएवढीच होते. माझ्या वेण्या ताईने घातल्या, पाढे तिने पाठ करून घेतले, आणि आता घटस्फोटानंतर नोकरीही तिनेच मिळवून दिली. ती इथली मुख्य अंदाजकार. सामान उतरवताना म्हणाली, आता डोळ्यांत पाणी आणायचं नाही, तू माझ्या पदराखाली आहेस. या वयात पदराखाली! हसू आलं. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

मागच्या अंगणात खांबावर फटीफटींच्या फळ्यांची एक पांढरी पेटी आहे. आत दाबमापक. हवेचा दाब मोजून ती आपणहून कार्यालयाला कळवते. ठकीने ते पाखरांचं घर ठरवून टाकलं आहे.

१४ जुलै

कार्यालय आवडलं. वादळाचा मार्ग सांगणाऱ्या संगणकाच्या मॉडेलांना इथे नात्यांची नावं आहेत. दोन मोठी मॉडेलं म्हणजे थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, कारण त्यांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही. तिसरं, जरा ढग दिसला की सर्वनाश सांगणारं, त्या आत्याबाई. ही नावं ठेवली आहेत गुरुजींनी. ते आमचे निवृत्तीला टेकलेले सहकारी. समोरच्याला काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मला म्हणाले, बाई, मॉडेल म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. मुलाची माहिती पहिल्यांदा खोटी सांगितलीत की पुढचं सगळं अगदी रीतसर चुकतं.

खरंच आहे. सुरुवातीचा दाब, वारा, पाण्याची ऊब, सगळं किंचित बदलून तेच मॉडेल आम्ही पुन्हा पुन्हा चालवतो. दर वेळी वादळाचा एक मार्ग निघतो. ते सारे एका नकाशावर काढले की रंगीत दोऱ्या टाकल्यासारख्या दिसतात. दोऱ्या जवळजवळ राहिल्या तर अंदाज भक्कम. पांगल्या तर आमची झोप उडाली.

गुरुजी म्हणाले, गाव नशीबवान आहे. कितीएक वर्षांत एकच वादळ आत शिरलं, बाकीची टोकावरून निघून जातात. म्हणजे माझ्या डोक्यावरून, मी म्हटलं. विनोद होता. ते चष्मा पुसत बसले.

२३ जुलै

इतक्या प्रेमाची सवय नाही मला. बांधरस्ता संपतो तिथल्या बेकरीवाल्या काकू रोज ठकीच्या हातात काहीतरी ठेवतात आणि मला आधी तू नीट जेव म्हणून दटावतात. शिंप्याने पडदे शिवून स्वतः आणून लावले. टपालवाला सायकलवरून उतरून विचारतो, बाई, घर सोसतंय ना? घर मानवलं का असं विचारतात लोक. हा सोसतंय म्हणतो.

काकूंचे यजमान त्या एका वादळात गेले. सांगताना त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरात एक गंमत आहे. घाट चढताना कान बंद होतात ना, तसे माझे स्वयंपाकघरात होतात. वारा नसताना दारं आतल्या बाजूला ओढली जातात. ताई म्हणाली, लाकूड फुगलंय, सुतार पाठवते.

२ ऑगस्ट

आज कामात एक विचित्र गोष्ट दिसली. हवा ठार पडलेली, आसपासची सगळी केंद्रं नेहमीचा दाब कळवत होती, आणि माझ्या अंगणातली पेटी मात्र असा उतरलेला दाब सांगत होती की जणू वादळ माझ्या कपड्यांच्या दोरीवरच बसलं आहे. असं एखादं केंद्र खोटं बोलू लागलं की मॉडेल त्याचं ऐकत नाही, तशी चाळणीच लावलेली असते. इथे चाळणीतून हा आकडा सरळ आत जात होता.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ते तुमच्या ताईला विचारा, आणि कधी नाही ते लवकर घरी गेले. ताई हसली. जुनं यंत्र आहे गं, म्हणाली, नव्या सुनेसारखा प्रत्येक गोष्टीचा धसका घेऊ नकोस.

७ ऑगस्ट

दूर समुद्रात वादळ जन्मलं आहे. सकाळी दोऱ्या केरसुणीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या होत्या. दुपारी सगळ्या एकत्र आल्या, थोरली, धाकटी, आत्याबाई, तिघींच्याही. माझ्या घरावर.

कुणाला न सांगता मी पेटीचा आकडा वगळून मॉडेल चालवून पाहिलं. दोऱ्या गावाच्या बाजारातून गेल्या.

इथपर्यंत समजू शकते. खोट्या दाबाने मॉडेल फसतं, पुस्तकात आहे. पण संध्याकाळी उपग्रहाचं चित्र आलं. वादळ खरंच वळलं होतं, दोऱ्या वळल्या त्यानंतर. मॉडेल वादळाच्या मागे जातं. वादळ मॉडेलच्या मागे गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

९ ऑगस्ट

ताई येऊन ठकीला घेऊन गेली. टोकावर वारा सुटेल, पोर घाबरेल, चार दिवस मावशीकडे राहू दे. मग मलाही ने की, मी म्हटलं. म्हणाली, तुला कामावर जवळ पडतं इथून. जवळ पडत नाही. तिचं घर कार्यालयाच्या मागच्या गल्लीत आहे.

ठकीचे सगळे कपडे नेले तिने. हिवाळ्याचेसुद्धा.

१० ऑगस्ट

पेटीच्या जुन्या नोंदी काढल्या. घर रिकामं असतं तेव्हा दाब इतरांसारखाच. कुणी राहायला आलं की उतरू लागतो. आम्ही आलो त्या दुपारपासून उतरतो आहे. आणि या एका पेटीपुरती चाळणी ताईने बंद केली आहे, स्वतःच्या नावाने. लपवलंही नाही.

तिच्या घरी गेले. ती ठकीच्या फ्रॉकला बटण लावत होती. म्हणाली, ओरडू नकोस, पोर आत चित्रं काढतेय. मग सुई न थांबवता सगळं सांगितलं, जसे पाढे सांगायची तसं. घरात माणूस राहिलं की दाब का उतरतो, तिला माहीत नाही, तिच्या आधीच्यांनाही नव्हतं. दाब उतरला की दोऱ्या वळतात, दोऱ्या वळल्या की वादळ वळतं. मागच्या खेपेला या घरात ठेवलेला मुलगा ऐन वेळी पळाला, आणि वादळ बाजारात शिरलं. काकूंचे यजमान तेव्हाच.

म्हणजे काकूंना माहीत आहे. शिंप्याला, टपालवाल्याला, गुरुजींना. सगळ्यांना.

मीच का, विचारलं. परकी माणसं पळतात, म्हणाली. तू मला आजवर कधी नाही म्हणाली नाहीस. आणि ठकीची काळजी करू नकोस. तुला नाही का वाढवलं मी?

दोरा दाताने तोडला तिने. ठकीला भेटू दिलं नाही. खोलीला बाहेरून कुलूप होतं.

११ ऑगस्ट

गावातून बाहेर नेणारा पूल बंद केला आहे. कुणी जात नाही तरी. गावात दुकानं उघडी आहेत. मुलं रस्त्यावर खेळताहेत. त्यांना काही होणार नाही हे त्यांना माहीत आहे.

काकूंनी मला पाहून दार लोटून घेतलं.

कान सारखे बंद. बोललेलं स्वतःला ऐकू येत नाही.

१२ ऑगस्ट, सकाळ

निघाले होते. ताईचं दार फोडायचं, ठकीला उचलायचं, नंतर बघू. बांधरस्त्यावर गाडी अर्ध्यात आणि फोन वाजला. ताईने नकाशा पाठवला होता. सगळ्या दोऱ्या टोकावरून सरकून तिच्या गल्लीत. खाली एवढंच – परत जा. ठकी इथे आहे.

परतले.

घरात पाय ठेवला, पुन्हा नकाशा आला. दोऱ्या जागेवर.

१२ ऑगस्ट, दुपार

वीज गेली. पेटीचा दिवा चालू आहे – तिला वेगळी बॅटरी – तिची सोय केली आहे यांनी –

दारं आत ओढली जातात. सगळी. बिजागऱ्या –

पिवळ्या खोलीची भिंत मध्यभागी आत वाकली आहे. रंगाला भेगा.

वाऱ्याचा आवाज नाही. माझे कान –

आता सुचलं. नकाशा कार्यालयातून आला नव्हता. ताईच्या फोनवरून. दोऱ्या हाताने काढायला कितीसा वेळ – मी बाहेर पडले म्हणून वादळ खरंच वळलं, हे मी पाहिलं कुठे – तिने दाखवलं तेवढंच –

म्हणजे कदाचित मी निघू शकते. कदाचित नोंदीसुद्धा – सगळंच –

खरं काय ते कळायला एकच उपाय. मी घराबाहेर पडायचं. आणि खरं असलं तर – ठकी तिथे –

बांधरस्ता अजून मधे मधे दिसतो. किल्ली हातात आहे.

ताईला ठाऊक आहे मी काय करेन. तिला खोटं पाडायला मी ठकीला कधीच पणाला – हे तिने आधीच – माझ्यासाठी तिने एकच दोरी काढली, आणि मी तिच्यावरून अगदी