धम्मशीला, कम्प्युटर बंद करू नको

धम्मे,

प्रसेनजितचे सांधे पहाटपासून ठणकून राह्यले, म्हणून त्याले घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात चाललो. तुले मुद्दाम उठवलं नाई. उठवलं असतं तं मागच्या खेपेसारखी तू साऱ्यायले "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणून मोकळी झाली असती. आज देशभरातले संशोधक आपापल्या घरून कम्प्युटरवर जमणार, प्रसेनजितच्याच बिमारीचा, सिकलसेलचा प्रोग्राम संगं बसून लिहणार, अन् जमवणारीच भावामांगं एसटीत रडत जाणार? काऊन वं माय?

लाईटची काळजी करू नको. साऱ्यायच्या इहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या का आपल्या घरचा बल्ब मरते, म्हणून काल आपल्या डीपीवरच्या, एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, एकेकाच्या घरी जाऊन हात जोडले. रंगराव म्हने, "काऊन बे भाऊराव, पोरीचं लगन कम्प्युटरवर लावतं का?" म्या म्हटलं, "लगन असतं तं तुले बोलावलंच नसतं." हासला, पण आज संध्याकाळपर्यंत मोटार लावत नाई म्हने.

पिठलं झाकून ठेवलं हाये. कम्प्युटरसमोर का होईना, पण खाजो. अन् घडीघडी फोन करू नको, डॉक्टरपेक्षा तूच जास्त सवाल इचारतं.

खरं सांगू का, मी तुले उठवाले आलतो. तं हे पोट्टं कण्हत कण्हत म्हने, "बाबा, ताईले झोपू द्या. रडाले तुम्ही हाये ना. थो प्रोग्राम तुमाले येते का?"

म्हणून तोंड धुतलं अन् चिठ्ठी लिहाले बसलो.

— बाबा